सभासदांचा चौथा हिस्सा

पापाचे मूळ कोठे शोधावे, या प्रश्नाला भारतीय परंपरेने दिलेले सर्वांत परिचित उत्तर षड्‌रिपूंचे आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा शत्रू माणसाच्या अंतःकरणात दबा धरून बसलेले असतात, त्यांपैकी एखादा प्रबळ झाला की विवेक झाकोळतो आणि हातून दुष्कृत्य घडते, असे हे उत्तर सांगते. कीर्तनकारांनी आणि पुराणिकांनी ते इतक्या पिढ्या सांगितले आहे की दुष्ट माणूस म्हटला की रागाने आंधळा झालेला किंवा हव्यासाने ग्रासलेला मनुष्यच डोळ्यांसमोर उभा राहतो. हे उत्तर खोटे नाही. खुनाचा, चोरीचा, विश्वासघाताचा उलगडा त्यातून पुष्कळ अंशी होतो. परंतु इतिहासातील जी दुष्कृत्ये आकाराने सर्वांत मोठी आहेत, ज्यांत हजारो हात गुंतले आणि ज्यांचे बळी लक्षावधी झाले, त्यांच्यापुढे ते अपुरे पडते, कारण त्या हातांपैकी कित्येकांच्या मागे ना काम होता ना क्रोध. शेजारचा हात जे करत होता तेच तेही करत होते. विकाराशिवाय घडणाऱ्या या पापाचे स्वरूप काय, आणि त्याची जबाबदारी कोणाच्या माथी येते, हा प्रश्न नीतिविचाराला टाळता येत नाही.

भारतीय दर्शनांनी तो टाळलेलाही नाही, मात्र त्यांचे उत्तर षड्‌रिपूंच्या यादीइतके लोकांच्या तोंडी बसले नाही. जैन आचार्य उमास्वाती यांनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त जीवाच्या बंधनाची पाच कारणे सांगितली आहेत : मिथ्यादर्शन म्हणजे चुकीची श्रद्धा, अविरती म्हणजे संयमाचा अभाव, प्रमाद म्हणजे बेसावधपणा, कषाय म्हणजे क्रोध-मान-माया-लोभ हे विकार, आणि योग म्हणजे मन, वाणी व शरीर यांची हालचाल. येथे लक्ष द्यावे असे हे, की प्रमाद आणि कषाय ही दोन कारणे वेगळी मोजली आहेत. विकारांनी पेटलेले मन हे बंधनाचे एक कारण, आणि जागे नसलेले मन हे दुसरे. हिंसेची व्याख्या करतानाही हेच सूत्रकार प्रमत्त अवस्थेतील वर्तनाने झालेला प्राणघात अशी करतात, द्वेषाने झालेला प्राणघात अशी नव्हे. बौद्ध परंपरेत ‘धम्मपदा’चा एक संपूर्ण वर्ग अप्रमादाला, म्हणजे सावध राहण्याला, दिलेला आहे, आणि बुद्धांचा अखेरचा उपदेश म्हणून जो सांगितला जातो त्यातही अप्रमादाने साधना पुरी करा असेच शिष्यांना बजावलेले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात सनत्सुजात ऋषी तर प्रमादालाच मृत्यू म्हणतात. हे ते ज्याला सांगतात तो श्रोता धृतराष्ट्र आहे, आणि श्रोत्याची ही निवड अर्थपूर्ण मानली पाहिजे, कारण प्रमादाचे सर्वांत सविस्तर चित्र महाभारताने ज्या प्रसंगात रेखाटले आहे त्या द्यूतसभेचा यजमान हाच राजा होता.

द्यूतसभेचा प्रसंग मराठी वाचकाला वस्त्रहरण म्हणून ठाऊक असतो आणि त्याच्या मनात दुर्योधन, दुःशासन, कर्ण व शकुनी या चौघांच्या दुष्टपणाची कथा म्हणून तो ठसलेला असतो. मूळ सभापर्व लक्षपूर्वक वाचले तर मात्र असे आढळते की कवीचे अवधान या चौघांइतकेच, कित्येक श्लोकांत त्यांच्याहून अधिक, सभेत बसलेल्या इतरांवर आहे. चौघांचे वागणे षड्‌रिपूंच्या हिशेबात नीट बसते : दुर्योधनाला मत्सराने पोळले आहे, इंद्रप्रस्थाचे वैभव पाहून आल्यापासून त्याची झोप उडाली आहे, आणि हे तो स्वतःच बोलून दाखवतो. भीष्म, द्रोण, कृप आणि देशोदेशींचे राजे यांना मात्र ना मत्सर आहे ना लोभ. त्यांना द्रौपदीचे वाईट व्हावे असे वाटत नाही, उलट तिच्याविषयी त्यांना करुणाच वाटत असावी. तरीही तिचा प्रश्न सभेत पडून राहतो.

हा प्रश्न कायद्याचा होता, आणि द्रौपदीने तो विलाप म्हणून नव्हे तर उत्तर मागण्यासाठी विचारला होता : युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावले की तिला? स्वतःला हरलेला, म्हणजे दास झालेला मनुष्य दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकारी उरतो का? भीष्म उत्तर देण्याचा प्रयत्न करतात. ज्याचे स्वामित्व गेले तो परक्याचे धन पणाला लावू शकत नाही हे त्यांना मान्य आहे, पण पत्नी पतीच्या अधीन असते हेही ते मांडतात, आणि धर्माची गती सूक्ष्म असल्याने निर्णय करता येत नाही असे सांगून थांबतात. धर्म सूक्ष्म आहे हे विधान खरे आहे. विचाराला प्रवृत्त करण्यासाठी ते उच्चारले असते तर थोरही ठरले असते. येथे ते विचार थांबवण्यासाठी वापरले गेले, आणि ज्ञानी माणसाच्या हातून घडणारा प्रमाद बहुधा याच रूपाने येतो, की प्रश्नाची गुंतागुंत हे त्याला उत्तर न देण्याचे कारण पुरवते.

मग धृतराष्ट्राचाच एक पुत्र विकर्ण उठतो. वयाने लहान असलेला हा राजपुत्र सभासदांना म्हणतो की प्रश्नाला उत्तर द्या, आणि कोणी देत नाही असे पाहून स्वतः मुद्दे मांडतो : द्यूत हे राजांच्या व्यसनांपैकी एक आहे आणि व्यसनाच्या भरात केलेली कृती प्रमाण मानली जात नाही, द्रौपदी पाचही पांडवांची पत्नी आहे, युधिष्ठिर आधीच स्वतःला हरला होता, आणि तिला पणाला लावण्याची सूचना त्याची नव्हे, शकुनीची होती. यानंतर कवी जे सांगतो ते या प्रसंगातील सर्वांत भेदक स्थळ आहे. विकर्णाचे बोलणे ऐकून सभेत मोठा घोष उठला. सभासदांनी विकर्णाची स्तुती केली आणि शकुनीची निंदा केली. म्हणजे सभेचे मत काय होते हे लपलेले नव्हते. घोष ओसरल्यावर कर्ण उठला आणि त्याने विकर्णाला फटकारले; एवढे सारे वडीलधारे गप्प आहेत, त्या अर्थी द्रौपदी धर्मानेच जिंकली गेली असे त्यांना वाटते, तू पोर असून शहाणपण शिकवतोस, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. सभा पुन्हा शांत झाली. वडील गप्प होते कारण त्यांना निर्णय करवत नव्हता, कर्णाने ते मौन पुरावा म्हणून वापरले, आणि त्या पुराव्यापुढे सभासद गप्प झाले, ज्यामुळे पुरावा आणखी भक्कम झाला. एकाच्या मौनाचा आधार दुसऱ्याला आणि दुसऱ्याच्या मौनाचा पहिल्याला मिळत गेला आणि कोणाचेही मत नसलेली गोष्ट सर्वांचे मत ठरली. गतानुगतिकता, म्हणजे पुढचा गेला म्हणून मागच्याने जाणे, याची इतकी नेमकी मांडणी जगाच्या वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे निरनिराळ्या प्रदेशांतील हस्तलिखिते ताडून निश्चित केलेल्या पाठात, द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केल्याचे श्लोक मूळ संहितेत घेतलेले नाहीत. वस्त्रातून वस्त्र निघत राहिले एवढेच तेथे आहे. भक्तीच्या दृष्टीने कृष्णाच्या धावून येण्याला असलेले मोल कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु नीतिविचाराच्या दृष्टीने जुना पाठ अधिक कठोर आहे, कारण देव वेळेवर आला ही गोष्ट ऐकणाऱ्याचे लक्ष सभेवरून उडवते आणि सभासदांची त्यांच्या जबाबदारीतून नकळत सुटका करते.

तशी सुटका महाभारताला मान्य नाही. त्याच सभेत विदुर एक जुनी कथा सांगतो, तीत कश्यपाच्या तोंडी पापाची वाटणी आली आहे : सभेत निंद्य गोष्ट घडत असता तिची निंदा झाली नाही, तर पापाचा अर्धा भाग सभेतील श्रेष्ठाकडे जातो, चौथा हिस्सा प्रत्यक्ष करणाऱ्याकडे आणि चौथा हिस्सा निंदा न करणाऱ्या सभासदांकडे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेविषयी अशीच वाटणी आहे. तेथे कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा या चौघांना प्रत्येकी एक पाद, म्हणजे चतुर्थांश, मिळतो. ही वाटणी शब्दशः घेण्याचे कारण नाही, पण तिच्यामागचा विचार असाधारण धीट आहे. कर्मसिद्धांताचा प्रचलित अर्थ असा की ज्याचे कर्म त्याचे फळ. एकाचे पाप दुसऱ्याला लागत नाही. येथे मात्र ज्याने बोटही हलवले नाही त्याच्या वाट्याला पाप येते आणि प्रत्यक्ष कर्त्याकडे चौथाईच उरते. या दोन विचारांत विरोध वाटतो, परंतु सभासदाचे गप्प बसणे हेच त्याचे कर्म आहे असे मानले की तो मिटतो. सभेत बसलेला मनुष्य निष्क्रिय नसतो, तो आपल्या बसण्याने सभेला सभापण देत असतो. खेदाची गोष्ट अशी की कर्मसिद्धांताचा उपयोग शतकानुशतके याच्या नेमका उलटा झाला. ज्याच्यावर अन्याय होत आहे तो पूर्वजन्मीचे भोग भोगतो आहे, असे म्हटले की पाहणाऱ्यावर कसलीच जबाबदारी राहत नाही, आणि सभासदाचा चौथा हिस्सा पीडिताच्याच खात्यावर चढतो. हा त्या सिद्धांताचा केवळ गैरसमज नव्हे, तो प्रमादाला धर्माचे कवच मिळवून देणारा अपप्रयोग आहे.

विसाव्या शतकात युरोपातील विचारवंतांना हाच प्रश्न फार मोठ्या आकारात भेटला. ज्यूंना छावण्यांकडे नेण्याची व्यवस्था सांभाळणारा नाझी अधिकारी अॅडॉल्फ आइखमान याच्यावर 1961 मध्ये जेरुसलेम येथे खटला चालला. त्याचे वृत्तांकन करणाऱ्या हॅना आरेंट यांनी 1963 च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की हा मनुष्य राक्षस नव्हता, तो विचार करायला असमर्थ होता. ठरावीक वाक्प्रचारांत बोलत होता आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे त्याला साधत नव्हते. दुष्टतेच्या या रूपाला त्यांनी सामान्यपणाचे विशेषण लावले. आरेंट यांचा तरुणपणीचा प्रबंध संत ऑगस्टीन यांच्यावर होता, आणि पापाला स्वतःचे द्रव्य नाही, ते चांगुलपणाचा अभाव आहे, हे ऑगस्टीन यांचे मत येथे नव्या रूपात प्रकटलेले दिसते. पुढच्या संशोधनाने आइखमानबद्दलचे त्यांचे निदान बरेच डळमळीत केले आहे; अर्जेंटिनात लपून राहत असताना त्याने दिलेल्या ध्वनिमुद्रित मुलाखतींतून तो ज्यूद्वेषाने भारलेला, आपल्या कामाचा अभिमान बाळगणारा मनुष्य दिसतो. तेव्हा आइखमान बहुधा दुर्योधनाच्या बाजूचाच होता. आरेंट यांचा विचार मात्र त्यामुळे बाद होत नाही, कारण त्याला अधिक चपखल बसणारे उदाहरण इतिहासाने अन्यत्र ठेवले आहे.

ते उदाहरण जर्मनीच्या 101 क्रमांकाच्या राखीव पोलीस तुकडीचे. या तुकडीत सुमारे 500 माणसे होती, बहुतेक हँबुर्गची, मध्यमवयीन, कामगार किंवा कनिष्ठ मध्यमवर्गातली. नाझी सत्तेपूर्वीच त्यांचे बालपण आणि तारुण्य सरले होते, म्हणजे शाळेपासून विष पाजलेली ही पिढी नव्हती. 13 जुलै 1942 रोजी पहाटे पोलंडमधील युझेफूव्ह या गावाबाहेर मेजर ट्रॅप यांनी तुकडीला हुकूम सांगितला : कामाच्या उपयोगाचे पुरुष वेगळे काढायचे, आणि उरलेल्या बायका, मुले व वृद्ध यांना गोळ्या घालायच्या. हुकूम सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि तो सांगून झाल्यावर त्यांनी एक सवलत दिली, की वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्याला हे काम झेपणार नाही त्याने पुढे यावे. जेमतेम डझनभर माणसे पुढे आली. त्या दिवशी सुमारे 1,500 जीव घेतले गेले. इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी 1960 च्या दशकात नोंदवलेल्या या माणसांच्या जबान्या अभ्यासून 1992 मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यातून असे दिसते की नकार देणाऱ्याला कोणतीही जबर शिक्षा झाली नाही. भय बंदुकीचे नव्हते. रांगेतून एकट्याने बाहेर पडणे, सोबत्यांच्या नजरेत भेकड ठरणे, नकोसे काम त्यांच्या गळ्यात टाकून आपण मोकळे होणे, हे त्या माणसांना निरपराध मुलावर गोळी झाडण्यापेक्षा कठीण वाटले. ज्यांनी नंतर अंग काढून घेतले त्यांच्यापैकीही बहुतेकांनी आपण फार दुबळे आहोत असे सांगून सुटका करून घेतली. हे कृत्य चुकीचे आहे असे म्हटले असते तर सोबत्यांचा न्याय केल्यासारखे झाले असते, आणि तेवढे अंतर तोडण्याची त्यांची तयारी नव्हती. डॅनियल गोल्डहागेन यांनी याच तुकडीचा अभ्यास करून, जर्मन समाजात मुरलेला ज्यूद्वेष हेच खरे कारण, असा प्रतिवाद केला. द्वेषाचा वाटा नाकारता येणार नाही. परंतु द्वेष एवढे एकच कारण पुरेसे असते तर मेजरला रडू आले नसते आणि दुबळेपणाची सबब सांगण्याची गरज कोणाला पडली नसती.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. अनुकरणाशिवाय समाज चालत नाही. मूल भाषा शिकते ती आईच्या बोलण्यामागे जाऊन. शेतीची कामे, सणवार, शिष्टाचार, उपासना हे सारे माणूस आधी करतो आणि अर्थ पुढे कधीतरी शोधतो. श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर वागतात, हे भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्णही सांगतात, आणि म्हणूनच श्रेष्ठांवरची जबाबदारी वाढते. कश्यपाने श्रेष्ठाला पापाचा अर्धा भाग दिला त्याचेही कारण हेच. शिवाय प्रत्येक क्षणी प्रत्येक रीतीचे मूळ तपासत बसणारा मनुष्य जगूच शकणार नाही. हे सर्व मान्य करूनही आक्षेप अपुरा राहतो, कारण प्रमाद म्हणजे रीत पाळणे नव्हे. रीतीमुळे कोणीतरी भरडला जात आहे आणि त्याने तोंड उघडून प्रश्न विचारला आहे, त्या क्षणीही रीत पाळत राहणे म्हणजे प्रमाद. द्रौपदीने प्रश्न विचारला नव्हता तोवर सभासद केवळ प्रेक्षक होते. तो विचारला जाताच ते उत्तरदायी झाले.

बोलून दाखवणे पुरेसे असते का, याचेही उत्तर महाभारताने दिले आहे. विकर्ण बोलला, पण युद्धात तो भावांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला. त्याला मारून भीमाला शोक झाला, कारण त्याची न्यायबुद्धी भीमाला आठवत होती. भीष्म, द्रोण आणि कृप यांच्याकडे युधिष्ठिर युद्धापूर्वी आशीर्वाद मागायला गेला तेव्हा तिघांनीही, माणूस अर्थाचा दास आहे आणि कौरवांच्या अर्थाने मी बांधला गेलो आहे, असे सांगितले. कवीने तिघांच्या तोंडी अक्षरशः तेच शब्द घातले आहेत. तीन निरनिराळे थोर पुरुष, आणि कबुली मात्र एकच, जणू घोकलेली. त्याच वेळी धृतराष्ट्राचा दासीपुत्र युयुत्सू युधिष्ठिराची हाक ऐकून पलीकडे निघून गेला. त्याच्यापाशी मुद्दे विकर्णाहून अधिक नव्हते. आपले समजले जाणारे लोक सोडण्याची तयारी त्याच्यापाशी होती, आणि जो समाज बहिष्काराची भीती घालून माणसाला बांधून ठेवतो त्या समाजात ही तयारी ज्ञानाहून दुर्मीळ असते. महाराष्ट्रात गावाने आणि जातपंचायतीने वाळीत टाकण्याचे शस्त्र किती काळ चालवले हे ध्यानात घेतले, आणि ते रोखणारा स्वतंत्र कायदा विधिमंडळाला 2016 साली करावा लागला हे पाहिले, म्हणजे युयुत्सूच्या पावलाची किंमत कळते.

या साऱ्या विचाराला सर्वांत धारदार तात्त्विक रूप डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिले. जातिनिर्मूलनावरील 1936 च्या आपल्या प्रबंधात त्यांनी असे म्हटले की हिंदू जात पाळतात ते अमानुष किंवा डोके फिरलेले आहेत म्हणून नव्हे, तर ते मनापासून धर्मनिष्ठ आहेत म्हणून. दोष पाळणाऱ्यांच्या स्वभावात नसून त्यांना पाळायला शिकवलेल्या धर्मात आहे. याच प्रबंधात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम हा पाककृतीसारखा असतो, काय करायचे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व हे निर्णय कसा करायचा याची दृष्टी देते. तत्त्वाने वागणारा चुकू शकतो, पण त्याची कृती जाणीवपूर्वक आणि म्हणून जबाबदार असते. नियमाने वागणाऱ्याची कृती बरोबर निघाली तरी ती यांत्रिक असते. धर्म नियमांचाच उरला की जबाबदारी संपते, आणि जबाबदारी हेच धर्मकृत्याचे सार असल्याने धर्मही संपतो. या कसोटीवर मनुस्मृतीचीच दोन अंगे एकमेकांपासून सुटी होतात : अधर्माकडे डोळेझाक करणाऱ्या सभासदाला पापाचा हिस्सा देणारा तिचा श्लोक हे तत्त्व आहे, आणि कोणी काय शिवावे व कोणापासून दूर राहावे याची जंत्री हा नियम. समाजाने जंत्री जपली आणि तत्त्व ग्रंथातच राहू दिले. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले तेव्हा दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते.

त्याच वर्षी 20 मार्चला आंबेडकरांनी महाडच्याच चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते, महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता, आणि मुसलमानांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता. पाणी प्यायल्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जमाव मारहाणीला धावला. पुढे तळ्यात पंचगव्याच्या 108 घागरी ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. घागरी वाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात द्वेष होता असे मानण्याचे कारण नाही. कित्येकांना ते गावाचे कर्तव्य वाटले असेल. मग तळे आमचे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असा दावा न्यायालयात लावण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिलेल्या निकालात, ही वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही असे ठरवले. पिढ्यान् पिढ्या साऱ्या गावाने जी गोष्ट विचारण्यापलीकडची मानली होती, तिला पुरावा काय, असे प्रथमच कोणीतरी विचारले होते, आणि दहा वर्षांचा अवधी मिळूनही वादींना तो दाखवता आला नाही.